बारा खोल्या, एक मीटर: चाकण पट्ट्यातल्या एका भाडेचाळीचा हिशेब

पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात, चाकणच्या कारखान्यांना लागून असलेल्या कोणत्याही गावात हे दृश्य दिसतं. गावठाणापासून दीडशे मीटरवर तीन गुंठे जागा, समोरासमोर दोन रांगांत दहा बाय बाराच्या बारा खोल्या, वर पत्रा, टोकाला तीन संडास आणि दोन न्हाणीघरं. दारांत चपलांचे ढीग. महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी, वासुली, भांबोली या पट्ट्यात अशा चाळी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उभ्या राहिल्या. इथे मांडलेलं प्रकरण कुणा एका घरमालकाचं नाही. या पट्ट्यातले नेहमीचे व्यवहार एका चाळीत बसवून हिशेबासाठी आकडे गोल केले आहेत. मराठवाड्यातून आलेल्या एका चौकोनी कुटुंबाला खोली परवडते का, मिळते का, आणि मिळाली तर कशी मिळते, एवढाच प्रश्न आहे.

घरभाड्याचा प्रश्न शहरातला, गावात सगळ्यांची आपापली घरं असतात, हा समज सरकारी आकड्यांतूनही पक्का होतो. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी फक्त ३.४ टक्के भाड्याच्या घरात होती, तर शहरी कुटुंबांपैकी २७.५ टक्के. त्यामुळे ग्रामीण घरकुल योजना मालकीच्या घरापुरत्या राहिल्या. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात, पण ज्याचं नाव त्या गावच्या यादीत आहे त्यालाच. लातूर-नांदेडकडून आलेल्या कामगाराचं नाव असलंच तर त्याच्या गावी असतं. भाड्याच्या संकुलांची योजना २०२० साली आली, तीही शहरी आवास योजनेतून. ग्रामपंचायतीच्या हद्दीतली पत्र्याची चाळ या दोन्हींच्या मधल्या फटीत पडते.

साडेतीन हजारांची खोली किती हजारांना पडते

कुटुंबातला कमावता माणूस ठेकेदाराकडे आहे. ओव्हरटाइम धरून हातात १६,००० रुपये येतात. खोलीचं भाडं ३,५०० सांगितलं जातं. म्हणजे पगाराच्या बावीस टक्के. राहण्यावर उत्पन्नाच्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ नये, हा नेहमीचा ठोकताळा लावला तर ४,८०० रुपयांपर्यंत मुभा आहे, आणि खोली सहज परवडणारी दिसते.

उन्हाळ्यातल्या एका महिन्याचा खरा हिशेब मात्र असा:

भाडं ३,५०० रुपये.
वीज ८४० रुपये (६० युनिट, सबमीटरवर १४ रुपये दराने).
टँकरची वाटणी ६९० रुपये.
अनामतीचे दहा हजार गावातून शेकडा दोनने उचलले, त्याचं व्याज २०० रुपये.

बेरीज ५,२३०. पगाराच्या जवळपास तेहतीस टक्के. टँकर नसलेल्या महिन्यांत हा आकडा ४,५४० वर उतरतो आणि तीस टक्क्यांच्या आत बसतो. पण मंदीत ओव्हरटाइम थांबून हातात १३,५०० आले, आणि ते नेमके एप्रिल-मे निघाले, तर एकोणचाळीस टक्के राहण्यावर जातात. अशा वेळी पहिली कात्री मुलांच्या शिकवणीला लागते, मग बायको-मुलांना गावी धाडलं जातं आणि माणूस कॉटवर, म्हणजे डोई भाडं देऊन इतरांबरोबर एका खोलीत, राहायला जातो. कुटुंब फुटण्याचं हे कारण कुठल्याच नोंदवहीत येत नाही.

भाड्याची घासाघीस नेहमी ३,५०० या आकड्यावर होते. उरलेल्या १,७३० रुपयांवर कुणी बोलत नाही, कारण ते मालकाच्या खिशात जातात असं भाडेकरू धरून चालतो. बहुतेक जात नाहीत.

वीज: चौदा रुपये युनिट का?

चाळीत महावितरणचा एकच घरगुती मीटर आहे, आत प्रत्येक खोलीला बाजारातून आणलेला सबमीटर. अकरा खोल्या वापरात आहेत (बारावीत मालकाचं बी-बियाणं आणि जुना पलंग). खोलीमागे ६० युनिट म्हणजे ६६०, मोटार आणि बाहेरचे दिवे धरून ७२०.

घरगुती दराचे टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि ५०० च्या वर. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट, पुढचे आणखी चढे. साठ युनिट जाळणारी खोली स्वतःच्या मीटरवर असती तर तिचं प्रत्येक युनिट पहिल्या, स्वस्त टप्प्यात बसलं असतं. एका मीटरमुळे अकरा खोल्यांना मिळून स्वस्त युनिटं शंभरच मिळतात आणि सव्वादोनशे युनिटं सगळ्यात महाग टप्प्यात जातात. स्थिर आकार आणि वीज शुल्क धरलं की मालकालाच सरासरी युनिट बारा रुपयांच्या वर पडतं. त्यात कुणी महिनाअखेर न सांगता गेलेला, एखादा सबमीटर बंद पडलेला, म्हणून तो चौदा लावतो. भाडेकरूंना ही लूट वाटते. खरी गळती मीटरच्या रचनेत आहे. दर वीज नियामक आयोगाच्या आदेशाने बदलतात, म्हणून प्रत्येकाने आपल्या बिलावर छापलेला ताजा तक्ता घेऊन हाच हिशेब करून पाहावा.

स्वतंत्र मीटर घेता येतो. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा तिथे राहणारा, दोघांपैकी कुणीही वीजजोड मागू शकतो. ए-१ अर्ज, ओळखपत्र, जागेचा पुरावा म्हणून नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीचा) उतारा किंवा घरपट्टीची पावती, आणि परवानाधारक वायरमनचा चाचणी अहवाल लागतो. भाडेकरूच्या नावाने घ्यायचा तर भाडेकरार आणि मालकाचं संमतीपत्र. मालकाने स्वतःच्या नावावर बारा मीटर मागितले की एकाच आवारात इतके कशाला, असा प्रश्न येतो. त्यासाठी प्रत्येक खोलीला स्वतंत्र दार, स्वतंत्र वायरिंग आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर खोल्यांची वेगवेगळी नोंद असावी. अर्ज अडतात ते बहुतेक या नोंदीपाशी.

आतलं काम: रांगेच्या टोकाला, पावसाचा मारा येणार नाही अशा भिंतीवर लोखंडी मीटरपेटी, प्रत्येक मीटरमागे १६ अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की तोडणारा), आणि वेगळं अर्थिंग. पत्र्याच्या खोल्यांत आरसीसीबी टाळू नये. पावसाळ्यात वायरचं आवरण पत्र्याच्या कडेला घासून सोललं की अख्खं छप्पर जिवंत होतं. मोटार आणि बाहेरच्या दिव्यांना वेगळा मीटर ठेवला तर दरमहा होणारी भांडणं मिटतात.

पाणी: टाकी छोटी म्हणून टँकर महाग

अकरा खोल्यांत ४८ माणसं आहेत: सहा खोल्यांत पाच-पाच सडे कामगार, पाच खोल्यांत मिळून अठरा कुटुंबीय. जलजीवन मिशनचं माणशी ५५ लिटरचं माप लावलं तर दिवसाला २,६४० लिटर हवं. ग्रामपंचायतीचा अर्ध्या इंची नळ एक दिवसाआड तासभर येतो, त्यातून साधारण ९०० लिटर. रोजचे पडतात ४५०. पावसाळ्यापासून माघापर्यंत बोअर उरलेलं भागवतो. होळीनंतर तो गाळ ओकतो आणि रोजची तूट २,२०० लिटरच्या घरात जाते, महिन्याला ६५,००० च्या वर.

चाळीला वर पाच हजार लिटरची एकच टाकी आहे. दहा हजारांचा टँकर तिच्यात रिकामा होत नाही, म्हणून पाच हजारांचे छोटे टँकर येतात, ९५० रुपयांना एक. मोठा टँकर १,५०० ला मिळतो. म्हणजे मोठी टाकी नसल्यामुळे प्रत्येक दहा हजार लिटरमागे चारशे रुपये जादा. आठ छोटे टँकर, ७,६०० रुपये, अकरा खोल्यांत ६९०. मिळतं चाळीस हजार लिटर, लागतं पासष्ट. मधली तूट कामगार कंपनीत अंघोळ करून आणि पिण्याचं पाणी कॅनमध्ये भरून आणून भागवतात. घरात दिवसभर असलेल्या बाईला आणि मुलांना ती सोय नाही. शिवाय वाटणी खोलीवार होते, त्यामुळे चौघांचं घर आणि पाच जणांची खोली सारखेच पैसे मोजतात.

उपाय साधा आहे. जमिनीखाली १० फूट लांब, ७ फूट रुंद, ५ फूट खोल हौद, त्यात जवळपास दहा हजार लिटर मावतं. हौद नळाच्या पातळीखाली असल्यामुळे वरच्या टाकीपर्यंत न चढणारं कमी दाबाचं पाणीही त्यात पडत राहतं, आणि एका पाळीला ९०० ऐवजी दीड-दोन हजार लिटर साठू शकतं. चुकतं ते बहुतेक तीन ठिकाणी. हौदाचं झाकण जमिनीच्या सपाटीला ठेवतात, मग अंगण धुतलेलं पाणी आत जातं. झाकणाची कड निदान सहा इंच वर हवी. नळाच्या लाइनवर थेट मोटार लावतात, ती ग्रामपंचायत जप्त करते आणि शेजाऱ्यांचा नळ कोरडा पडतो. आणि हौद सेप्टिक टाकीजवळ खणतात, कारण जागा तिथेच उरलेली असते.

सेप्टिक टाकीची गोष्ट थोडक्यात. चाळ बांधताना एका घराला पुरेल अशी टाकी घातली होती आणि ४८ माणसं ती वापरत होती. दर पावसाळ्यात ती रस्त्यावर वाहायची, ग्रामपंचायत नोटीस द्यायची, मालक उपसा गाडी बोलवायचा. पन्नास माणसांसाठी भारतीय मानकातलं माप सुमारे ५ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि दोन वर्षांतून एकदा उपसायची असेल तर सव्वा मीटर पाण्याची खोली, वर मोकळी जागा वेगळी. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरी-बोअरपासून शक्यतो १८ मीटर लांब. तीन गुंठ्यांत, बारा खोल्या बांधून झाल्यावर, हे अंतर काढणं अवघड जातं. या चाळीत ते काढायला एक न्हाणीघर हलवावं लागलं. जमीन काळी असेल तर शोषखड्डा पाणी पीतच नाही, पण या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी खाली मुरूम लागतो, तेवढं नशीब.

कुटुंबाला खोली का नाकारतात

परवडण्याच्या आधी मिळण्याचा प्रश्न येतो. खोली रिकामी असते, पण 'फॅमिलीला देत नाही' असं उत्तर मिळतं. मालकाचं गणित उघड आहे. कुटुंबाकडून ३,५००, आणि त्याच खोलीत पाच कॉट टाकल्या तर डोई १,२०० प्रमाणे ६,०००. महिन्याला अडीच हजारांचा फरक कोण सोडेल?

वर्षाचं गणित मात्र वेगळं निघतं. पाचही कॉट बाराही महिने भरलेल्या नसतात. ठेका संपतो, ब्रेक मिळतो, दिवाळी-होळीला आणि पेरणीच्या दिवसांत माणसं गावी जातात, परतणारा दुसरीकडे बसतो. सरासरी चार कॉट भरल्या असं धरलं तर वर्षाचे ५७,६०० येतात. त्यातून बुडवून गेलेल्यांची तीन भाडी, ३,६००. नळ, कडी, संडासाचं दार, मोटारीची वाइंडिंग, रंग यांचे खोलीमागे ५,०००. उरले ४९,०००. कुटुंबाला तीनशे वाढवून ३,८०० रुपयांनी खोली दिली तर वर्षाचे ४५,६००, डागडुजीचे हजार वजा करता ४४,६००. फरक ४,४०० रुपयांचा, महिन्याला चारशेच्याही आत. एवढ्यासाठी दर महिन्याला नवी माणसं, नवी आधारकार्डं आणि पोलिसांकडे नवी माहिती. (पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालय २०१८ मध्ये झालं, चाकण-महाळुंगे त्यात आलं, भाडेकरूची माहिती देण्याची जबाबदारी मालकाची, आणि कॉटवर राहणारा प्रत्येक माणूस त्यात मोजला जातो.)

मग मालक कुटुंबाला का टाळतात? अर्धं कारण म्हणजे हे वर्षाचं गणित कुणी मांडत नाही. उरलेलं अर्धं कारण भीती. घरातले म्हातारे म्हणतात, "बिऱ्हाड बसवलं की उठत नाही. कूळ लागलं तर?" ही धास्ती १९४८ च्या कूळकायद्यातून घरोघर उतरलेली आहे. तो कायदा शेतजमिनीचा, राहत्या खोलीला त्याने कूळ लागत नाही. पण कसणाऱ्याच्या नावावर जमीन गेल्याचं ज्यांनी पाहिलं किंवा ऐकलं, त्यांना कलमं सांगून पटत नाही. लेखी करार हाच त्यावरचा उतारा, आणि गंमत अशी की याच भीतीपोटी मालक करार करत नाहीत. कागदावर नाव आलं की हक्क आला, असं त्यांना वाटतं.

करार: अकरा महिन्यांचा हट्ट सोडला तर

'अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही' हे वाक्य या पट्ट्यात सर्रास ऐकू येतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रांना लागू आहे. आपलं गाव त्यात बसतं का, यावर कट्ट्यावर बरीच चर्चा होते. नोंदणीचा खर्च पाहिला तर त्या चर्चेचं कारण उरत नाही.

दोन वर्षांचा करार धरा. भाडं ३,८०० म्हणजे २४ महिन्यांचे ९१,२००. परत करायच्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात; दोन महिन्यांची अनामत ७,६००, म्हणून दोन वर्षांचे १,५२०. एकूण ९२,७२०, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, सुमारे २३२ रुपये, शंभराच्या पटीत ३००. ग्रामीण भागात नोंदणी फी ५००, शहरात हीच हजार. ऑनलाइन नोंदणीची हाताळणी फी आणि सेवा देणाऱ्याचे पैसे वेगळे. अकरा-अकरा महिन्यांचे दोन करार केले तर हेच दोनदा. साठ महिन्यांपर्यंतचा करार याच पाव टक्क्यात होतो.

नोंदणी ऑनलाइन होते: मालक, भाडेकरू आणि ओळख पटवणारे दोघे, प्रत्येकाचं आधार, फोटो आणि अंगठा. अडतं ते अंगठ्यापाशी. प्रेसशॉपमध्ये किंवा वेल्डिंगवर काम करणाऱ्यांची बोटं घासलेली असतात, यंत्र ठसा घेत नाही. दुसरी-तिसरी बोटं करून पाहावीत, हात धुऊन कोरडे करून पाहावेत, तरीही न जमल्यास आधार केंद्रात बायोमेट्रिक ताजं करून घ्यावं. दुसरी अडचण आधारशी जोडलेल्या मोबाइलची. तो नंबर बहुतेकदा गावाकडे वडिलांच्या हातात असतो.

करारात काय असावं? वीज स्वतंत्र मीटरवर आणि बिल भाडेकरूचं. टँकर माणशी, खोलीवार नव्हे. अनामत किती दिवसांत आणि काय कापून परत. राहणाऱ्यांची नावं आणि कमाल संख्या. दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस. भाडं फोनवरून थेट मालकाच्या खात्यात, रोख दिल्यास पावती. मुदत संपून भाडेकरू उठला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळाची भरपाई दुप्पट भाड्याने मागता येते. 'बिऱ्हाड उठत नाही' म्हणणाऱ्या मालकाला हे कलम दाखवावं. त्याच कायद्याच्या कलम २९ प्रमाणे पाणी-वीज तोडून कुणाला हुसकता येत नाही, हेही त्याच बैठकीत सांगून टाकावं.

भाडेकरूलाही हा कागद उपयोगी पडतो. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) पंचवीस टक्के राखीव जागांत मुलाचा प्रवेश मागताना भाडेकराराचा पुरावा द्यायचा तर तो नोंदणीकृतच लागतो. नोटरी केलेल्या कागदावर तिथे अर्ज बाद होतात.

सगळं करून काय बदललं

चाळीत हौद आणि दुसरी टाकी (१ लाख ३० हजार), सेप्टिक टाकी (१ लाख ४० हजार), वायरिंग आणि मीटर (८० हजार) अशी साडेतीन लाखांची कामं झाली. बी-बियाण्याची खोली रिकामी करून भाड्याने दिली. कुटुंबांचं भाडं ३,५०० वरून ३,८०० झालं, कॉटमागे पन्नास रुपये वाढले. मालकाची महिन्याची आवक पाच कुटुंबांचे १,५००, बाराव्या खोलीचे ३,८०० आणि भरलेल्या चोवीस कॉटचे १,२०० मिळून ६,५०० ने वाढली. साडेतीन लाख साडेचार वर्षांत सुटतात.

कुटुंबाचा उन्हाळी महिना आता असा आहे: भाडं ३,८००, स्वतःच्या मीटरचं बिल साधारण ५५०, टँकरचे चौघांचे ६९०, कमी अनामतीवरचं व्याज १५०. बेरीज ५,१९०. आधी ५,२३० होती.

चाळीस रुपये. पाणी मात्र दीडपट झालं: सहा मोठे टँकर म्हणजे साठ हजार लिटर, आधी चाळीस होतं. मीटर नावावर आला, करार हातात आला, रस्त्यावरची घाण थांबली, आणि एक खोली वाढली. हे सगळं मोलाचं आहे. पण परवडण्याच्या फूटपट्टीवर कुटुंब होतं तिथेच राहिलं, पगाराच्या तीस टक्क्यांच्या वर. सुधारणेचा पैसा भाड्यातूनच वसूल होणार असेल तर याहून वेगळं काही घडत नाही, आणि मालकाने तो खिशातून घालावा ही अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

भाड्यात दडलेले अकराशे रुपये

भाडं खाली यायचं तर ते कर्जातून येईल. चाळीला १६ लाख लागले. सहा घरातले, दहा लाख पतसंस्थेचे, पंधरा टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता २३,७९०. हेच दहा लाख बँकेकडून नऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी मिळाले असते तर हप्ता १०,१४३. फरक १३,६४७ रुपयांचा. बारा खोल्यांत वाटला तर खोलीमागे महिन्याला ११३७. यातला मोठा भाग मुदतीतून येतो, सगळा व्याजदरातून नव्हे, आणि पंधरा वर्षांत एकूण व्याज जास्त जातं हेही खरं. पण भाडं ठरतं ते महिन्याच्या हप्त्यावर. पाच वर्षांत मुद्दल काढायचं असेल तर मालक खोलीत पाच कॉट टाकणारच.

बँक कर्ज देत नाही, कारण तारणाला कागद नाही. इथे एकात एक अडकलेल्या चार गोष्टी आहेत.

पहिली, सातबारा सामाईक आहे. आजोबांच्या नावानंतर तीन भाऊ आणि दोन बहिणी लागल्या, वाटणी झाली ती तोंडी. बँकेला सगळ्यांच्या सह्या किंवा बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. जमिनीला गुंठ्याचा आजचा भाव कळल्यावर हक्कसोड मागायला भावांनाच संकोच वाटतो, आणि बहिणींनी ती का द्यावी, हा प्रश्नही रास्त आहे. वाटप करून त्यांचा हिस्सा वेगळा दाखवणं हा सरळ मार्ग. त्यालाही तुकडेबंदीच्या कायद्याची (जमिनीचे फार लहान तुकडे पडू न देणारा कायदा) मर्यादा आडवी येऊ शकते, म्हणून वाटप तहसीलदारांपुढे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली करावं, शंभराच्या मुद्रांकावर घरगुती लिहून ठेवू नये.

दुसरी, बिनशेती. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला राहण्यासाठीच्या वापराकरिता संहितेच्या कलम ४२-ड ने सोय केली: रूपांतरण कर आणि आकारणी भरून सनद (बिनशेती वापराचा दाखला), वेगळी परवानगी नाही. ही चाळ दीडशे मीटरवर आहे. म्हणजे दार उघडं आहे, पण आधी मोजणीने ते अंतर आणि हद्द सिद्ध करावी लागते. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज ही त्यामुळे सगळ्या कामातली पहिली पायरी, आणि बहुतेक जण ती शेवटी करतात.

तिसरी, बांधकाम परवानगी. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) झाल्यापासून या भागात बांधकामाचा नकाशा तिथे मंजूर होतो. ग्रामपंचायतीचा जुना ना-हरकत दाखला बँकेत चालत नाही. घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम नियमित झालं, हाही गैरसमज आहे. अनधिकृत इमारतीलाही कर लागतो, पावतीने मालकी किंवा परवानगी सिद्ध होत नाही. आणि समोरासमोर खेटून बांधलेल्या दोन रांगा, सामासिक अंतराशिवाय (बांधकामाभोवती सोडायच्या मोकळ्या जागेशिवाय), जशाच्या तशा मंजूर होणं कठीण. एका रांगेतल्या टोकाच्या खोल्या पाडाव्या लागतील, ही शक्यता मालकाने धरून चालावं.

चौथी, पत्रा. पत्र्याच्या छपराखाली बँक इमारतीचं आयुष्य कमी धरते आणि मुदत कापते. स्लॅब टाकायचा तर खालच्या भिंती आणि पाया तो भार घेतील का, हे अभियंत्याने पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. बहुतेक चाळींचा पाया घेत नाही.

म्हणून जे नव्याने बांधणार आहेत त्यांनी क्रम उलटा करावा: मोजणी, वाटप, सनद, नकाशा, मग पाया. यात वर्ष-दीड वर्ष जाऊ शकतं आणि पत्र्याची चाळ दोन महिन्यांत उभी राहते, म्हणून कुणी थांबत नाही. थांबलेल्याला बारा ऐवजी आठच खोल्या बसतील, पण स्लॅबवर पुढे दुसरा मजला चढेल आणि हप्ता निम्म्याहून कमी राहील.

या चाळीत मोजणी झाली आहे, दीडशे मीटर कागदावर आलं आहे. वाटपाचा अर्ज दोन आत्यांच्या जबाबापाशी थांबला आहे. एकीला हिस्सा हवा आहे, दुसरीला दोन खोल्या. पतसंस्थेचे अठ्ठावीस हप्ते बाकी आहेत. ते फिटल्यावर भाडं उतरेल असं भाडेकरूंनी धरून चालू नये. तोवर शेजारच्या गुंठ्यात दुसऱ्या कुणाची चाळ, त्याच पतसंस्थेच्या कर्जावर, उभी राहिलेली असेल आणि गावचा भाव तिच्या हप्त्यावर ठरेल.